भाविक माणसानं संग्रहालयातल्या जुन्या पोथ्या कशा बघाव्यात?

तुम्हाला मुंबईत धार्मिक हस्तलिखितांचं प्रदर्शन बघायचंय, पण पायात चपला ठेवून पोथीसमोर उभं राहायचं जिवावर येतंय. शिवाय पाठभेद, म्हणजे एकाच ग्रंथाच्या दोन प्रतींतल्या शब्दांचा फरक, बघून श्रद्धा डळमळेल, ही धास्ती.

मी वारकरी घरातला. आमची पोथी लाल फडक्यात बांधलेली असायची, तिला चुकून पाय लागला तर तीनदा नमस्कार. म्हणून तुमची अडचण कळते. आईला दक्षिण मुंबईतल्या अशाच एका प्रदर्शनाला घेऊन गेलो होतो. पहिल्याच काचेपाशी तिनं चपला काढल्या. गार्ड आला, म्हणाला, "मावशी, चप्पल घाला, लादी गार आहे. नमस्कार करा की, फक्त काचेला डोकं टेकू नका." झालं, तेवढाच नियम. बिनधास्त हात जोडा, कोणी हसत नाही. आत उजेड फार कमी असतो. शाई आणि रंग फिके पडू नयेत म्हणून अशा पानांवर साधारण ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) वर प्रकाश पाडत नाहीत. फ्लॅश तर नकोच.

आता गंमत सांगतो. जुन्या पोथीत शब्द तोडून लिहीत नाहीत, ओळ सलग पळते. मी शहाण्यासारखा लेबलं वाचत होतो, तेवढ्यात शेजारी आई पुटपुटायला लागली. गीतेचा पंधरावा अध्याय. लहानपणी जेवणाआधी म्हणायचा, तोच. मला जिथे नुसती अक्षरांची रांग दिसत होती, तिथे तिला श्लोक दिसत होता. जे तोंडपाठ आहे ते त्या सलग ओळीतून आपोआप सुटं होतं. तेव्हा तुम्हाला जे पाठ आहे, ते पान आधी शोधा.

पानावर कुठे पिवळे डाग दिसले तर ते मळाचे समजू नका. तो हरताळ. लिहिणाऱ्याची चूक झाली की त्या अक्षरावर ही पिवळी पूड कालवून फासायची, वाळली की वर नवं अक्षर. आपण 'हरताळ फासला' म्हणतो ते इथलंच. आईला ते डागच सगळ्यांत आवडले. "माझ्यासारखाच चुकत होता की!" म्हणाली.

पाठभेदांचं म्हणाल, तर त्याची भीती वारकऱ्यानं तरी बाळगू नये. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची. तीनशे वर्षांत नकला होता होता तिच्यात इतके अपपाठ शिरले, की शके १५०६ मध्ये खुद्द एकनाथांनी प्रती ताडून ती शुद्ध केली. वर बजावलं, की यात कोणी आपली ओवी घुसडली तर ती अमृताच्या ताटात करवंटी ठेवल्यासारखी. आणि भाद्रपद वद्य षष्ठीला आपण ज्ञानेश्वरी जयंती करतो ती कसली? याच शुद्धीकरणाच्या समाप्तीची तिथी. ज्या संप्रदायात पाठ दुरुस्त केल्याचा दिवस सण म्हणून पाळतात, त्यातल्या माणसाला दोन प्रतींतला फरक बघून घाबरायचं कारण मला तरी दिसत नाही.

दुसऱ्यांच्या पोथ्याही मन लावून बघा. काळा घोड्याच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाच्या संग्रहात कल्पसूत्राच्या, म्हणजे तीर्थंकरांची चरित्रं सांगणाऱ्या जैन ग्रंथाच्या, सचित्र पोथ्या आहेत. ताडपत्राला दोरी ओवायला भोक लागायचं. पुढे कागद आला, दोरीची गरज संपली, तरी कागदी जैन पोथ्यांत त्या जागी रंगीत टिकली काढत राहिले. सवय! तिथून चालत जाण्याच्या अंतरावर एशियाटिक सोसायटी. तिच्या संग्रहात महाभारताच्या आरण्यकपर्वाची १५१६ सालची सचित्र पोथी आहे, दिल्लीचा सुलतान सिकंदर लोदी याच्या अमलात आग्र्याकडे लिहिलेली. या तपशिलावर मी बराच वेळ अडकून पडलो होतो.

शक्यतो कामाच्या दिवशी सकाळी जा, शाळांच्या सहली यायच्या आत. आणि वाचायचा चश्मा विसरू नका. आई विसरली होती. दोन तास माझा चश्मा तिच्या नाकावर होता आणि मी तिच्या तोंडून ऐकत होतो.