टोरांटोत नवी गाडी: 17 इंची रिम घ्यावे की 18? आणि हिवाळी टायर कोणते?

प्रश्न असा आहे: टोरांटोशेजारच्या मिसिसागात नवी टोयोटा राव्ह4 हायब्रिड घेतली, कारखान्याचे टायर 225/60आर18 (225 मिमी रुंदी, कडेची उंची रुंदीच्या 60 टक्के, 18 इंची रिम). डीलर 18 इंची रिमसकट हिवाळी संच गळ्यात मारतोय. ऑल-व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना इंजिनाची ताकद) असताना तो लागतोच का, आणि आहे त्याच रिमवर टायर बदलत राहिलं तर चालेल का?

थेट सांगायचं तर वेगळे 17 इंची रिम घ्या आणि त्यावर 225/65आर17 मापाचे चार हिवाळी टायर कायमचे चढवून ठेवा. चार म्हणजे चारच. पुढे दोन हिवाळी आणि मागे ऑल-सीझन असले की वळणावर ब्रेक लावताच गाडीचा मागचा भाग बाहेर फिरतो. ऑल-व्हील ड्राइव्ह गाडी हलवायला मदत करते, थांबवायला नाही. ब्रेक काय, टू-व्हील ड्राइव्हच्या गाडीलाही चारच असतात.

17 का? माप काढून पाहा. 225/65आर17 चा व्यास सुमारे 724 मिमी, तुमच्या 18 चा 727. फरक अर्ध्या टक्क्याहून कमी, त्यामुळे स्पीडोमीटर जवळपास तसाच राहतो. त्यात हे माप राव्ह4 च्या काही व्हेरियंटना कारखान्यातूनच येतं. टायरची कड उंच झाल्याने फेब्रुवारी-मार्चमधल्या खड्ड्यांत रिम वाचतो आणि टायरही स्वस्त पडतो. प्लग-इन मॉडेलचे पुढचे ब्रेक मोठे असतात, तिथे मात्र 18 च्या खाली उतरू नका. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा सांकेतिक आकडा) कारखान्याच्या टायरपेक्षा कमी नको. तुमचा 100 असेल (एका टायरला 800 किलो), तर 102 चा (850 किलो) बिनधास्त चालतो.

एकाच रिमवर वर्षातून दोनदा टायर काढ-घाल करू नका. दर वेळी चढवण्याची आणि बॅलन्सिंगची मजुरी जाते आणि टायरची बीड (रिमवर घट्ट बसणारी आतली कड) झिजत राहते. दोन-तीन हिवाळ्यांत वेगळ्या रिमचे पैसे बऱ्यापैकी वसूल होतात.

खरी चूक टायरमध्ये कमी, रिममध्ये जास्त होते. या गाडीला 5 नट आणि ते ज्यावर बसतात ते 114.3 मिमीचं वर्तुळ, रिमचं मधलं भोक 60.1 मिमी, नटाची आटी एम12 गुणिले 1.5. बाहेरच्या रिमचं मधलं भोक बहुधा मोठं असतं, 73.1 वगैरे. मग हब रिंग (हब म्हणजे रिम ज्यावर बसतो तो गाडीचा भाग; त्याच्या आणि भोकाच्या मधली फट भरणारी कडी) हवीच, नाहीतर रिम नीट मधोमध बसत नाही आणि 90-100 च्या वेगाला स्टीअरिंग थरथरतं. लोक बॅलन्सिंग पुन्हा पुन्हा करून घेतात, दोष असतो पाच डॉलरच्या रिंगेचा. रिंग प्लास्टिकची घ्या, अॅल्युमिनियमची मिठाने हबला चिकटते. ऑफसेट (रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागाचं अंतर) कारखान्याच्या रिमच्या 5 मिमीच्या आत ठेवा, तो आकडा रिमच्या मागच्या बाजूला कोरलेला असतो. नटाची बैठक (रिमला टेकणाऱ्या भागाचा आकार) रिमच्या बैठकीशी जुळली पाहिजे. बाहेरच्या रिमना बहुधा 60 अंशांचा शंकू लागतो. चुकीचा नट घट्ट वाटतो, पण धरत नाही.

स्टील की अलॉय? स्टील स्वस्त, खड्ड्यात वाकतं पण सहसा तडकत नाही. गंज मात्र धरतं. दिसण्याचा सोस नसेल तर स्टील पुरे.

आता टायर. कडेवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चिन्ह पाहा. नुसतं 'एम प्लस एस' (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) असेल तर त्यावर भिस्त ठेवू नका. पण त्या चिन्हाचीही मर्यादा आहे: चाचणी दाबलेल्या बर्फावर गाडी पुढे ओढण्याची असते, संदर्भ टायरपेक्षा 10 टक्के सरस निघाला की झालं. काचेसारख्या बर्फावरचं ब्रेकिंग त्यात मोजलं जात नाही. म्हणून मिशलिन क्रॉसक्लायमेट 2 सारख्या ऑल-वेदर (बाराही महिने चालवायच्या) टायरवरही तेच चिन्ह दिसतं. टोरांटोत दुपारी वितळून रात्री पुन्हा गोठलेला थर हा मुख्य त्रास, तिथे मऊ रबराचा खास हिवाळी टायर लागतो: मिशलिन एक्स-आइस स्नो, ब्रिजस्टोन ब्लिझाक, कॉन्टिनेन्टल वायकिंगकॉन्टॅक्ट 7, नोकियन हाक्कापेलीट्टा आर5. या चारांपैकी जो सवलतीत मिळेल तो घ्या. खिळ्यांचे टायर दक्षिण ओंटारिओत राहणाऱ्यांना चालत नाहीत, त्यांची परवानगी उत्तरेकडच्यांनाच.

दुकानात कडेवरचा डॉट क्रमांक (टायर कधी बनला ते सांगणारा) वाचा. शेवटचे चार आकडे 3524 म्हणजे 2024 चा पस्तिसावा आठवडा. दोन-तीन वर्षं गोदामात पडलेला माल पूर्ण किमतीला घेऊ नका. खरेदी सप्टेंबरात उरका. पहिला बर्फ पडला की दुकानात रांग लागते आणि नेमकं तुमचं माप संपलेलं असतं.

बसवताना हबवरचा गंज तारेच्या ब्रशने घासा. नटाच्या आट्यांना ग्रीस नको, त्याने टॉर्कचा अंदाज चुकतो. नट ताऱ्याच्या क्रमाने, टॉर्क रेंचने 103 न्यूटन-मीटरवर, आणि 80-100 किलोमीटर चालवून पुन्हा तपासा. इम्पॅक्ट गनने शेवटपर्यंत आवळणाऱ्या कारागिराला आधीच थांबवा.

तापमान दर 5-6 अंश उतरलं की टायरमधली हवा साधारण 1 पीएसआय (दाबाचं एकक) कमी होते. उबदार गॅरेजात 20 अंशांना 33 भरली, तर सकाळी उणे 15 ला जेमतेम 27 उरते. दाराच्या खांबावरचा हवेच्या दाबाचा आकडा थंड टायरसाठी आहे, थंडीतच मोजून भरा. नव्या रिमना प्रेशर सेन्सर नसतील तर डॅशबोर्डवर दिवा हिवाळाभर जळत राहील. कॅनडात ते बेकायदेशीर नाही, पण दर पंधरवड्याला हाताने मोजावं लागेल.

विम्यात सवलत मागा. 1 जानेवारी 2016 पासून ओंटारिओतल्या विमा कंपन्यांना ती द्यावीच लागते. पावती जपून ठेवा. मॉन्ट्रियलला जात असाल तर, 1 डिसेंबर ते 15 मार्चची हिवाळी टायरची सक्ती क्यूबेकमध्ये नोंदलेल्या गाड्यांना आहे, तुमच्या नंबरप्लेटला नाही. वाटेतल्या बर्फाला मात्र नंबरप्लेट वाचता येत नाही.

वसंतात काढताना प्रत्येक टायरवर खडूने 'पुढे डावा', 'मागे उजवा' असं लिहा, मीठ धुऊन काढा आणि रिमसकट एकावर एक आडवे रचा. खाच 4 मिमीवर आली की त्या टायरची हिवाळ्यातली नोकरी संपली, कायदेशीर किमान कितीही कमी असो.