आधी पोरीचा चेहरा पक्का कर

नागपूरच्या मारबतीच्या मिरवणुकीत हरवलेल्या पोरीची, खेळणाऱ्याच्या निवडीने पुढे सरकणारी तुझी चित्रगोष्ट मनापासून आवडली, भाऊ. पण तिसऱ्या प्रसंगाच्या चित्रात ती दुसरीच कोणी वाटते. चित्र काढणारं एआय मॉडेल सहसा मागचं चित्र लक्षात ठेवत नाही, दर वेळी वर्णन वाचून नव्याने सुरुवात करतं. म्हणून तिचं वय, सावळा रंग, भुवईवरचा व्रण, दोन वेण्या, लाल रिबिनी हे एकदाच लिहून ठेव आणि प्रत्येक प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे मॉडेलला द्यायच्या वर्णनात, एकही शब्द न बदलता टाक. प्रसंग त्यानंतर. स्टेबल डिफ्युजन या चित्र काढणाऱ्या मॉडेलच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत प्रॉम्प्टची मर्यादाच ७७ टोकनची (शब्दांच्या तुकड्यांची) होती, तेव्हापासून मी महत्त्वाचं आधी लिहितो. सीड (चित्राची सुरुवात ठरवणारा आकडा) तोच ठेवलास तरी प्रसंग बदलला की चेहरा सरकतो. त्यापेक्षा एक चांगलं चित्र निवडून तेच संदर्भ म्हणून दे.

खेळणाऱ्याने कुठलाही पर्याय निवडो, फक्त तिचे हावभाव बदलायचे, चेहरा नाही.

आणि ‘भारतीय उत्सव’ असं मोघम नको, दिवाळीचे दिवे येतील! ‘पिवळी मारबत’ हे नावही मॉडेलला कळेलच असं नाही. बांबू-कागदाचा उंच स्त्रीपुतळा, पिवळं अंग, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची महाल भागातली खच्चून भरलेली गल्ली, असं डोळ्यांना दिसेल तसं लिही.