कंबरेला करंट देणारं टेन्स मशीन घरी वापरलं तर जुनी कंबरदुखी कायमची जाते का?

जात नाही, दबते. मशीन चालू असेपर्यंत दबते आणि काढल्यावर अर्धा-एक तास, कधी थोडी जास्त. ‘कायमची’ हा शब्द प्रश्नातून काढलात तर मात्र बोलण्यासारखं बरंच आहे.

तुम्ही लिहिलंय, वडील ६२ वर्षांचे, निपाणीकडे शेती, कंबर ४ वर्षांपासून दुखते, डॉक्टर म्हणाले ऑपरेशनची गरज नाही, आणि मोबाइल उघडला की याच मशीनची जाहिरात. मी डॉक्टर नाही. खानापुरात माझं मोटार रिवायंडिंगचं, म्हणजे जळक्या मोटारींत नवी तार भरायचं दुकान आहे. कंबर ९ वर्षांपासून दुखते आणि पोट करंटवर चालतं, म्हणून दोन्ही बाजूंनी थोडंफार सांगू शकतो.

आमच्याकडे एप्रिल-मे म्हणजे जळक्या मोटारींचा हंगाम. उसाला पाणी हवं, लाइट ठरलेल्या तासांना येणार, सगळे पंप एकदम सुरू, व्होल्टेज खाली, की गेली मोटार. असाच एकदा टेम्पो दारात लागला. साडेसात एचपीची मोटार, दुकानातलं पोरगं चहा आणायला गेलेलं, टेम्पोवाल्याला घाई. दोघांनी धरायचं ओझं मी एकट्याने, वाकून आणि वर कंबरेत वळून खाली घेतलं. तेव्हा काहीच झालं नाही. उलट संध्याकाळपर्यंत मांडी घालून स्टेटरमधली जळकी तार उपसत बसलो. दुसऱ्या दिवशी चप्पल सरळ करायला वाकलो आणि तसाच राहिलो. बायकोला आधी चेष्टाच वाटली.

बेळगावला नेलं, एमआरआय काढला. ‘एल-फोर एल-फाइव्ह डिस्क बल्ज’, म्हणजे कंबरेतल्या खालच्या दोन मणक्यांमधली गादी फुगून बाहेर आलेली. त्या कागदाने मला कंबरेपेक्षा जास्त छळलं. डिस्क सरकली म्हणजे संपलं, आता ओझं नाही, धंदा नाही, असं डोक्यात बसलं. पुढे कळलं की ज्यांचं काहीच दुखत नाही अशांचे स्कॅन काढले तरी चाळिशीतल्या निम्म्या लोकांत बल्ज दिसतो आणि ऐंशीच्या घरात ८४ टक्क्यांत. २०१५ साली बरेच अभ्यास एकत्र करून काढलेले हे आकडे आहेत. वडिलांच्या रिपोर्टात तसं काही असेल तर त्यांना हे आधी सांगा, मशीनचं नंतर.

मग सुरू झालं ‘करंट घेणं’. पहिल्या ठिकाणी १० बैठकांचे पैसे आधी घेतले. मदतनीस मुलगा यायचा, पाठीवर चार पॅड लावायचा, पट्टा आवळायचा, बटण दाबून निघून जायचा. वीस मिनिटं छान वाटायचं. नंतर खानापूरच्या बसमध्ये बसलो की खड्ड्यागणिक ते छान वाटणं गळत जायचं आणि स्टँडवर उतरेपर्यंत कंबर पूर्वपदावर. दहा बैठका झाल्या, डॉक्टरांचं तोंड दोनदा दिसलं.

दुसऱ्या ठिकाणी कन्नड बोलणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाई होत्या. त्यांनी डायल वाढवत विचारलं, “जुम जुम अंतैतेन्री?” म्हणजे मुंग्या येतात का. मी होय होय म्हणत गेलो, त्या वाढवत गेल्या, शेवटी मीच ओरडलो, “साकु, साकु!” त्यावर एक पायरी खाली घेतली आणि म्हणाल्या, इथेच ठेवायचं; सहन होतंय पण चांगलं जाणवतंय, या जागेला. आधीच्या ठिकाणी जेमतेम गुदगुल्या होतील इतकंच दिलं जात होतं. बहुतेकांचं मशीन ‘लागू पडत नाही’ त्याचं निम्मं कारण हेच असावं.

त्यांच्याकडचं मोठं मशीन आयएफटीचं होतं. त्यात दोन वेगळे करंट, समजा एक ४००० हर्ट्झचा (म्हणजे सेकंदाला ४००० हेलकावे) आणि दुसरा ४१०० हर्ट्झचा, तिरके एकमेकांना छेदून सोडतात. दोन्ही मिळतात तिथे १०० हर्ट्झची थरथर तयार होते. घरी घ्यायचं छोटं मशीन म्हणजे टेन्स, ते थेट त्याच पट्ट्यातले झटके देतं. जाहिरातीतल्या बऱ्याच डब्या मात्र टेन्स नसतातच. स्नायू नाचवणारं मसाजर असतं, वर ‘थेरपी’ लिहिलेलं. मी पहिल्यांदा तेच घेतलं होतं. बटणं आठ, हर्ट्झ किती याचा कुठेच पत्ता नाही. घ्यायचंच तर हर्ट्झ, पल्स विड्थ (एक झटका किती वेळ टिकतो ते) आणि जोर हे तिन्ही वेगवेगळे बदलता येतील असं घ्या. दोन चॅनल, चार पॅड, नऊ व्होल्टची बॅटरी, इतकं पुरतं.

आता माझ्या आवडीचा भाग, कंटाळा आला तर सोडून द्या. खरं मशीन आल्यावर आधी मल्टिमीटर लावला. काटा हललाच नाही म्हणा ना. फसवलं, असंच वाटलं. मग आयटीआयला शिकवणाऱ्या एका मित्राकडे नेऊन, पाठीच्या जागी ५०० ओहमचा रेझिस्टर लावून सीआरओवर, म्हणजे झटक्यांचा आकार पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर बघितलं, तेव्हा खरं चित्र दिसलं. सुईसारखे उभे झटके, २० व्होल्टपर्यंत जाणारे, म्हणजे ४० मिलिअँप. घरातला गळती पकडणारा स्विच ३० मिलिअँपला पडतो, आणि इथे पाठीला ४०! पण एकेक झटका फक्त १०० मायक्रोसेकंदांचा. सेकंदाला असे १०० आले तरी सेकंदाचा शंभरावा हिस्साच करंट वाहतो. मल्टिमीटरला ते दिसणार कसं? शिवाय प्रत्येक झटक्यानंतर उलट्या दिशेने तेवढंच परत, त्यामुळे कातडीखाली चार्ज साठून भाजत नाही. आणि करंट एका पॅडमधून शिरून शेजारच्या पॅडमधून बाहेर पडतो, काळजाच्या वाटेला जात नाही. या सगळ्यामुळे ते सोसतं. हे सविस्तर सांगायचं कारण एकच. आमच्या भागात जुगाडाची हौस फार. ट्रान्सफॉर्मर लावून ‘घरीच बनवू’ म्हणणारे दोघे माझ्याच दुकानात येऊन गेलेत. दोघांना हाकललं.

दुखणं का दबतं? १९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल या दोघांनी मांडलं की मणक्यातल्या मज्जारज्जूत दुखण्याच्या निरोपाला एक फाटक असतं. स्पर्शाचे, थरथरीचे जाड नसांतून येणारे निरोप ते फाटक लोटून घेतात. बेळगाव स्टँडवर शनिवारी बसच्या दारात माणसं कोंबलेली असली की मागचा चढूच शकत नाही, तसंच. तो खाली असतोच, फक्त आत येत नाही. ८० ते १०० हर्ट्झची झिणझिण हे काम करते. दुसरा प्रकार २ ते ४ हर्ट्झचा, त्यात जोर वाढवतात आणि स्नायू ठक्‌ ठक्‌ उडतो. तेव्हा शरीर स्वतःचीच वेदना मारणारी द्रव्यं सोडतं. मला पहिलाच मानवतो.

पण मोठ्या संस्था काय म्हणतात तेही ऐका, विकणारा हे सांगणार नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१६ च्या मार्गदर्शनात कंबरदुखीला टेन्स देऊ नका असं सरळ लिहिलं. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीवर मार्गदर्शन काढलं, त्यात नेहमीच्या उपचारात नको अशा यादीत ट्रॅक्शन (वजन लावून कंबर ताणणं), कंबरपट्टा आणि टेन्स शेजारी-शेजारी बसलेत. उलट २०२२ मध्ये सगळ्या प्रकारच्या दुखण्यांच्या ३८१ अभ्यासांचा आढावा निघाला. त्यात मशीन लावलेलं असताना आणि त्यानंतर लगेच दुखणं कमी होतं असं आढळलं. मला यात भांडण दिसत नाही. संस्था विचारतात, याने माणूस बरा होतो का? आढावा विचारतो, आत्ता, या घटकेला, कमी होतं का?

आणि ते ‘या घटकेला’ कसं वापरायचं, तिथेच आपण चुकतो. मी दोन वर्षं आडवं पडून मशीन लावलं. आराम वाटायचा, उठलो की खेळ संपला. त्या बाईंनी शिकवलं की लावून उठायचं. पॅड चिकटवायचे, डबी पँटच्या पट्ट्याला अडकवायची आणि जे दुखण्यामुळे टाळतोय तेच त्या अर्ध्या तासात करायचं. माझ्या बाबतीत ते म्हणजे चालणं आणि त्यांनी दिलेले तीन-चार व्यायाम. पहिल्या आठवड्यात मलप्रभेच्या पुलापर्यंत चालत गेलो, मधे दोनदा थांबलो. नंतर थांबणं गेलं. पुढेपुढे मशीन घरी विसरायला लागलो.

वडिलांना लावताना पॅड मणक्याच्या हाडावर नको, दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं सोडून. पॅड एकमेकांना चिकटू देऊ नका. कातडी साबणाने धुऊन कोरडी करायची. तेल किंवा बाम चोळलेलं असेल तर पॅड सुटतात आणि आग होते ती वेगळीच. लावताना आणि काढताना मशीन बंद. पॅड सुकले तर पाण्याचा एक थेंब बोटाने फिरवा, काम झाल्यावर त्याच प्लास्टिकवर परत चिकटवा, वीसेक वेळा चालतात. रोज त्याच सेटिंगवर लावलं तर शरीर सरावतं आणि काही दिवसांत गुण कमी होतो, तेव्हा हर्ट्झ आणि जोर बदलत राहा. झोपताना नको, ट्रॅक्टर चालवताना नको, ओल्या अंगाने तर नकोच.

पेसमेकर असेल तर या मशीनला हात लावायचा नाही. आमच्या शेजारच्या काकू हट्टाला पेटल्या होत्या, ‘तुला चालतं, मला का नाही’. त्यांच्या मुलाला फोन करून थांबवावं लागलं. गरोदर बाईच्या पोटा-कंबरेला नको, फिट येणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, गळ्याच्या पुढच्या बाजूला आणि छातीवर कुणालाच नको, कॅन्सरच्या किंवा पायात रक्ताची गाठ झालेल्या जागी नको. आणि साखर असेल तर सांभाळून. माझ्या सासूबाई तुमच्या निपाणीच्याच, तीस वर्षं विड्या वळल्या, पाठ कायमची वाकलेली. त्यांच्या पायाला साखरेमुळे बधिरपणा आहे. मी दुकानात असताना त्यांनी पोटरीला पॅड लावून डायल फिरवत नेला, ‘काहीच लागेना’ म्हणून. लागत नव्हतं कारण कातडीच बधिर. संध्याकाळी बघितलं तर लालभडक चौकोन. ज्या जागेला टोचलेलं कळत नाही तिथे पॅड लावायचाच नाही.

एक गोष्ट मशीनच्या आधी तपासा. वडिलांच्या पायातली ताकद कमी होत असेल, पाऊल फरफटत असेल, बसायच्या जागी बधिरपणा आला असेल, लघवी-संडासवरचा ताबा सुटत असेल, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या. ताप, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारी कळ, हे असेल तरी मशीन लावून दाबत बसू नका; मणक्याचा टीबी आपल्याकडे दुर्मीळ नाही.

माझी कंबर आता कशी? महिन्यातून एखादा वाईट दिवस. फरक कशाने पडला म्हणाल तर पहिला नंबर मी छताच्या तुळईला टांगलेल्या चेन ब्लॉकला देईन. आता मोटार साखळीने उचलते, मी नुसती ओढतो. दुसरं, जमिनीवर मांडी घालून तार भरायचं सोडलं, कंबरेच्या उंचीचं टेबल करून घेतलं. जुनी गिऱ्हाइकं हसली, हसू देत. तिसरं चालणं. मशीन चौथं. वडिलांच्या बाबतीत पाण्याचे पाइप कोण उचलतं, खुरपणी किती वेळ सलग चालते, औषधाचा पंप पाठीवर कोण घेतं, हे आधी बघा. तिथे एक-दोन गोष्टी सुटल्या तर बाकीचं सोपं जाईल.

लगेच विकत घेऊ नका. जवळच्या फिजिओथेरपिस्टकडे दोन-तीन वेळा टेन्स लावून बघा आणि लावलेलं असतानाच वडिलांना उठवून चालवा. तेव्हाच फरक वाटला नाही तर घरी आणून वाटणार नाही. खानापूरला येणं झालं तर माझं मशीन बघायला या, आधी वरचं सगळं तपासून. पॅड मात्र तुमचे नवे आणा, एकाचे दुसऱ्याला लावत नाहीत. आणि बॅटरीही आणा. माझी गेल्या महिन्यात मल्टिमीटरला घातली, ती तिथेच आहे.