बहिणीचा पगार जावयाच्या हाती आहे, पण मारहाण नाही. याला कौटुंबिक हिंसाचार म्हणता येईल का?

तुम्ही लिहिले आहे की, तुमची धाकटी बहीण नोकरी करते, तिचे एटीएम कार्ड जावयाकडे असते, ती कोठे आहे हे तिला त्याला वारंवार कळवावे लागते आणि तुम्हाला तिच्याशी बोलायचे झाले तर त्याच्याच फोनवर बोलावे लागते. मारहाण मात्र कधी झालेली नाही, तेव्हा हा हिंसाचार ठरतो का आणि तक्रार कोणी घेईल का. पहिल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे आणि ते माझे मत नसून कायद्याचे आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा 2005 चा अधिनियम 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू आहे. त्याच्या कलम 3 मध्ये शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक आणि आर्थिक अशा चारही प्रकारच्या छळाचा समावेश आहे, आणि स्त्रीला तिच्या हक्काच्या पैशापासून वंचित ठेवणे हे त्यात स्पष्ट शब्दांत लिहिलेले आहे. इतके उत्तर कोणताही वकील देईल. मी लिहायला बसले ती तुमच्या प्रश्नातील ‘मारहाण मात्र नाही’ या शब्दांमुळे, कारण बँकेच्या नोकरीत हे शब्द मी ज्यांच्या तोंडून ऐकले त्यांतील एका बाईंवरून माझे माझ्या वरिष्ठांशी जे वाजले, ते अजून माझ्या डोक्यातून गेलेले नाही.

या बाई शिक्षिका होत्या. पगार जमा झाला की दुसऱ्या दिवशी त्यांचे यजमान शाखेत येत आणि बाईंची सही असलेली पैसे काढण्याची स्लिप काउंटरवर सरकवत. वास्तविक अशा स्लिपवर रक्कम खातेदारालाच द्यायची असते, बेअरर चेकप्रमाणे ती दुसऱ्याच्या हाती देता येत नाही. पण लहान गावातील शाखेत सगळे एकमेकांना ओळखतात आणि ‘मिस्टर आलेत, देऊन टाका’ एवढ्यावर काम भागत असे. माझ्याकडे ते काउंटर आले तेव्हा मी त्यांना खातेदाराला पाठवायला सांगितले. त्यांनी आधी ओळखीची भाषा केली, मग नाराजी दाखवली आणि शेवटी बाईंना सोबत घेऊन आले. त्यानंतर दर महिन्याला मी जे पाहिले ते कोणालाही दिसण्यासारखे होते. किती रक्कम काढायची हे मी बाईंना विचारले की उत्तर यजमान देत. नोटा मोजून ते खिशात घालत आणि त्यांतील थोडे सुटे पैसे एसटीच्या भाड्यासाठी बाईंच्या हातावर ठेवत. एकदा त्यांनी माझ्यासमोरच मागील आठवड्याची तिकिटे दाखवायला सांगितली आणि बाईंनी ती पर्समधून काढून दिली. ‘हिला व्यवहारातले काही कळत नाही’ हे त्यांचे नेहमीचे वाक्य होते. बाई सातवीच्या वर्गाला गणित शिकवत असत.

पुढे बाईंच्या पगारावर मोठ्या कर्जासाठी अर्ज आला. पैसे यजमानांच्या धंद्यासाठी हवे होते, हप्ते मात्र बाईंच्या पगारातून कापले जाणार होते. कर्जदाराशी स्वतंत्रपणे बोलल्याशिवाय शिफारस करायची नाही असा माझा शिरस्ता होता, म्हणून मी यजमानांना बाहेर बसवून बाईंना केबिनमध्ये बोलावले. मी घरच्या परिस्थितीविषयी अवाक्षरही काढण्याआधी त्या म्हणाल्या, “मॅडम, ते मारत वगैरे नाहीत हं.” मी ते विचारलेच नव्हते. नंतर बराच वेळ कागद चाळून झाल्यावर त्यांनी विचारले, “सही केली नाही तर बँक घरी कळवते का?” कर्जाचा व्याजदर किती, हप्ता किती, मुदत किती, यांपैकी एकही प्रश्न त्यांनी विचारला नाही.

अशा वेळी ‘घाबरू नका, नाही म्हणा’ असे सांगणारी माणसे मला बेजबाबदार वाटतात, कारण ‘नाही’ म्हणून झाल्यावर त्या बाईंना ज्या घरी जायचे होते तेथे सांगणारा सोबत जाणार नव्हता. बाईंनी स्वतःच मार्ग सुचवला. नकार बँकेकडून आला तर बरे होईल, असे त्या म्हणाल्या. पगारातून हप्ता कापून पाठवण्याच्या हमीपत्राची मूळ प्रत अर्जासोबत नव्हती, छायाप्रत होती. एरवी असा कागद आम्ही मागाहून घेत असू. त्या दिवशी मी नियमावर बोट ठेवले आणि प्रकरण अपूर्ण म्हणून परत केले. यजमान संतापले ते बँकेवर, आणि तेच मला हवे होते.

त्यांनी व्यवस्थापकांकडे तक्रार केली की तुमच्या मॅडम नवरा-बायकोत भांडणे लावतात. व्यवस्थापकांनी सर्वांसमोर मला सुनावले, “आपण पैसे मोजायचे, लोकांचे संसार मोजायचे नाहीत.” माझ्या शेजारच्या काउंटरवरील सहकारी बाईंनीही त्यांचीच री ओढली, तिला स्वतःला काही वाटत नाही तर आपल्याला काय करायचे, असा त्यांचा सवाल होता. मला त्यावेळी उत्तर देऊ दिले गेले नाही, म्हणून ते येथे देते. संसारात बँक आधीच शिरलेली होती, आणि ती यजमानांच्या बाजूने शिरलेली होती. खातेदार समोर नसताना त्याची रक्कम दुसऱ्याच्या हाती देणारा कॅशियर, पत्नीच्या खात्याला पतीचा मोबाइल क्रमांक जोडून देणारा कारकून, शाळेत फोन करून ‘बाई निघाल्या का’ असे विचारणाऱ्याला रोज माहिती पुरवणारा शिपाई, ही सगळी माणसे नियम वाकवत होती आणि त्यालाच तटस्थता म्हणत होती. एकटा पुरुष एका कमावत्या, शिकलेल्या स्त्रीला असे वर्षानुवर्षे बांधून ठेवू शकत नाही. त्याला ‘मिस्टरच तर आहेत’ असे म्हणणारी दहा माणसे लागतात. प्रतिबंधाची चर्चा नेहमी स्त्रीच्या धैर्याभोवती फिरते याचा मला राग येतो, तो यासाठी.

आणि म्हणूनच, तुम्हाला आवडणार नाही तरी लिहिते, त्या दहा जणांत तुमचेही घर आहे. बहिणीशी बोलण्यासाठी जावयाला फोन करायचा, तो ‘ती कामात आहे’ म्हणाला की ‘बरं, असू द्या’ म्हणून ठेवायचा, सणाला तिला पाठवण्यासाठी त्याची मनधरणी करायची आणि जावई दुखावू नये म्हणून तिच्यापाशी काही विचारायचे नाही, हे सर्व त्याच्या सोयीचे आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी सुमारे 14 टक्के स्त्रियांनीच कोणाकडे मदत मागितल्याचे आढळले, आणि ज्यांनी मागितली त्यांतील सर्वाधिक जणी आपल्या माहेरच्या माणसांकडे गेल्या होत्या. मारहाण सोसणाऱ्यांची ही स्थिती असेल तर जिला अंगावर दाखवायला वळही नाही ती काय सांगणार? तिने एखादे वाक्य उच्चारले आणि समोरून ‘अगं, पण मारत तर नाही ना’ असे उत्तर आले की ती पुन्हा तो विषय काढत नाही.

ओळखायचे कसे, असेही तुम्ही ओघात विचारले आहे. कार्ड कोणाकडे आहे यावरून काहीच ठरत नाही. अनेक सुखी घरांत सगळा व्यवहार एकच जण पाहतो. ती मागेल तेव्हा ते कार्ड तिला मिळते का, आणि मागितल्याची किंमत तिला चुकवावी लागते का, हे पाहायचे. अबोला, रात्रभर चाललेली उलटतपासणी, मुलांना तिच्याविरुद्ध बोलायला लावणे, नोकरी सोडायला लावण्याची धमकी, ही ती किंमत असते. अशा घरातील स्त्री प्रत्येक लहान निर्णयाआधी त्याच्या मनःस्थितीचा अंदाज घेऊ लागते आणि कोणी काही विचारले की आधी त्याची बाजू मांडते. या गोष्टी सुटी उदाहरणे म्हणून सांगितल्या तर क्षुल्लक वाटतात, म्हणूनच तुमच्या बहिणीला तारखांसह नोंदी ठेवणे शक्य असेल तर त्या तिने घराबाहेर, कामाच्या ठिकाणी किंवा विश्वासू मैत्रिणीकडे ठेवाव्यात.

तक्रारीबाबत लोकांचा मोठा गोंधळ असतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2015 च्या कायद्याने जोडीदारावर असे सततचे नियंत्रण ठेवणे हाच स्वतंत्र गुन्हा ठरवला आणि त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद केली. आपल्याकडे त्या नावाचा गुन्हा नाही. पती व सासरच्यांच्या क्रूरतेविषयीचे जुन्या दंडसंहितेतील कलम 498-अ, म्हणजे 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेची कलमे 85 व 86, मानसिक क्रूरतेलाही लागू होतात, पण तेथे क्रूरतेची पातळी सिद्ध करावी लागते आणि ठाण्यात ‘मारले का’ हाच प्रश्न आधी येतो. 2005 च्या कायद्याचा मार्ग वेगळा आहे. त्यात तिला या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येते किंवा थेट दंडाधिकाऱ्यांपुढे कलम 12 खाली अर्ज करता येतो; अटक घडवून आणणे हा त्याचा हेतू नसून संरक्षण, घरात राहण्याचा हक्क, पैसे आणि मुलांचा तात्पुरता ताबा यांविषयीचे आदेश मिळवणे हा आहे. तो संरक्षण आदेश मोडला तर मात्र तो गुन्हा होतो आणि एक वर्षापर्यंत कारावास किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. घर सासऱ्यांच्या नावावर आहे म्हणून तिचा हक्क आपोआप संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले आहे. तिला वकिलाचा खर्च परवडत नसेल, किंवा तिचा पैसाच तिच्या हाती नसेल, तर विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रीला तिच्या उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

त्या शिक्षिका कर्जाच्या प्रसंगानंतर बऱ्याच काळाने अर्धी रजा टाकून एकट्या शाखेत आल्या आणि त्यांनी आपल्या खात्याचा मागील वर्षांचा उतारा मागितला. पगार जमा, दुसऱ्या दिवशी जवळजवळ सगळा पगार काढलेला, पुन्हा पगार जमा, अशा ओळींनी पाने भरलेली होती. तो उतारा त्यांनी 2005 च्या कायद्याखाली दंडाधिकाऱ्यांपुढे केलेल्या अर्जाला जोडला गेला. अंगावर जखम नसलेल्या स्त्रीजवळ पुरावा नसतो असे जे म्हणतात त्यांनी एकदा असे पासबुक वाचावे. यजमानांनी शाळेत जाऊ नये, असा अंतरिम आदेश त्यांना मिळाला; कामाच्या ठिकाणी जाण्यास मनाई करण्याची तरतूद कायद्यात आहे हे पुष्कळांना माहीत नसते. पुढचे मात्र लवकर झाले नाही. पहिल्या सुनावणीपासून 60 दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न करावा असे कायदा म्हणतो. बाईंना तारखांमागून तारखा पडल्या, आणि व्यवस्थापकांनी तेही माझ्याविरुद्धच मोजले.

आता काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या त्या सांगते. बाईंची ओळख पटू नये म्हणून मी तपशील बदलले आहेत. हा कायदा स्त्रीच्या संरक्षणापुरता आहे. पुरुषांवरही असे नियंत्रण ठेवले जाते, त्यांच्यासाठीचे मार्ग निराळे आहेत आणि मला त्यांचा अनुभव नाही. तिसरी गोष्ट तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाची आहे: जावयाला जाब विचारायला जाऊ नका आणि बहिणीच्या परस्पर तक्रार करू नका. कायद्याने कोणीही माहिती देऊ शकतो आणि सद्भावनेने माहिती देणाऱ्याला दोष लागत नाही, हे खरे आहे. पण ती सुटू पाहते आहे हे कळल्यावर, ज्याने कधी हात उचलला नाही असा पुरुषही तो उचलू शकतो, आणि घर सोडण्याच्या सुमाराचा काळ सर्वांत धोक्याचा असतो. वेळ ती ठरवेल. तुम्ही तिच्या कार्यालयात, तिच्या जेवणाच्या सुट्टीत जाऊन भेटा आणि ‘सोडून ये’ असे न म्हणता तिला काय हवे आहे ते विचारा.

बँकेचेही क्रमाने करावे लागते. त्याच खात्याचा मोबाइल क्रमांक बदलायला गेलात तर त्याचा फोन त्याच दिवशी गप्प होईल आणि त्याला कळेल. तिच्या आधारला कोणाचा क्रमांक जोडलेला आहे हे आधी पाहा, कारण तो जावयाचा असेल तर नवीन खाते उघडतानाचा ओटीपीही त्याच्याच हाती पडेल. आधार केंद्रात तिने स्वतः जाऊन, बोटांचे ठसे देऊन तो बदलता येतो. त्यानंतर दुसऱ्या बँकेत तिच्या एकटीच्या नावाचे खाते उघडावे आणि पगार तिकडे वळवण्याचा अर्ज सर्वांत शेवटी द्यावा, तोही राहण्याची व्यवस्था झाल्यावर. महिला हेल्पलाइन 181 आणि तातडीसाठी 112 हे क्रमांक तिला तोंडपाठ करायला सांगा, फोनमध्ये साठवायला सांगू नका, आणि पहिला फोन तिने तुमच्या किंवा सहकाऱ्याच्या मोबाइलवरून करावा.