पश्चिमेकडे खिडकी असलेल्या दिवाणखान्याला पिवळा रंग द्यावा का?

पश्चिमेकडे एकच खिडकी असलेल्या लहान दिवाणखान्याला पिवळा रंग शोभेल का, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते गडद पिवळा टाळावा, कारण दुपार कलल्यावरचे ऊन मुळातच पिवळसर असते आणि समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर रंग परावर्तित करत असल्यामुळे शेडकार्डावर सौम्य वाटलेली छटा चारही भिंतींवर अधिक भडक भासते. त्याऐवजी किंचित राखाडी झाक असलेला पांढरा किंवा फिकट हिरवा रंग त्या उन्हातही डोळ्यांना निववतो. मात्र केवळ शेडकार्ड पाहून निर्णय मुळीच घेऊ नये. रंगाचा लहान डबा आणून दोन वेगवेगळ्या भिंतींवर दोन-दोन फुटांचे चौकोन दोन हात देऊन रंगवावेत आणि ते सकाळी, दुपारी व रात्री दिवे लावून पाहावेत, कारण ३००० केल्विनच्या (केल्विन म्हणजे दिव्याच्या प्रकाशाची छटा सांगणारे माप) पिवळसर दिव्याखाली आणि ६५०० केल्विनच्या पांढऱ्या दिव्याखाली तोच रंग अगदी निराळा दिसतो. फरशी आणि सोफा बदलायचा नसेल, तर नमुना त्यांच्या शेजारीच पारखावा. छत पांढरेच ठेवावे. भिंतीला ओल असल्यास आधी गळती थांबवावी, अन्यथा कितीही चांगल्या रंगाचे पोपडे सुटतात.