डिशवॉशरमध्ये पाणी गरमच होत नाही, भांडी थंड आणि तेलकट निघतात, काय बिघडलं असेल?

आधी प्रोग्रॅम बघा, नुसत्या प्री-रिन्सला पाणी तापतच नाही, म्हणून ६५-७० डिग्रीचा इंटेन्सिव्ह लावा आणि अर्ध्या तासाने तोंड लांब ठेवून दार हळूच उघडा, वाफ नाही आली तर हीटर गेलाय किंवा त्याच्यापर्यंत करंटच पोचत नाहीये. पुढचं सगळं प्लग काढूनच करा, नुसतं बटण बंद करून नाही, प्लीज.

हीटरच्या दोन्ही वायरी काढून मल्टिमीटर ओहमवर (म्हणजे रेझिस्टन्स मोजायच्या सेटिंगवर) लावा, २३० व्होल्टचा २००० वॅटचा हीटर साधारण २६ ओहम दाखवतो, काहीच रीडिंग नाही म्हणजे कॉइल तुटली. आणि हीटरच्या पिनेपासून बॉडीला रीडिंग येत असेल तर मशीन अजिबात चालवू नका, शॉक बसेल.

आमच्याकडे हीटर ठणठणीत होता, कार्डावरच्या (म्हणजे मशीनच्या कंट्रोल सर्किट बोर्डवरच्या) रिलेच्या, म्हणजे हीटर चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या, पायाशी सोल्डर काळं पडून बारीक गोल चीर गेली होती, मेकॅनिकने तिथे नीट डाग दिला आणि काम झालं, त्यामुळे हीटर विकत घ्यायच्या आधी कार्ड उघडून बघायला सांगाच. फिल्टर पण साफ करा, पाणी कमी फिरलं तर बरीच मशिनं हीटर चालूच करत नाहीत. बोअरचं पाणी असेल तर डिशवॉशरचं मीठ संपू देऊ नका, क्षार चढतो.