फौजदारी न्यायव्यवस्था शिकायला परदेशी जाताना

रत्नागिरीहून अमेरिकेत क्रिमिनल जस्टिस शिकायला निघाली आहेस, म्हणून सर्वांत आधी हे सांगते की ही वकिलीची पदवी नव्हे. पोलीस, न्यायालये आणि तुरुंग यांचा कारभार कसा चालतो याचा हा अभ्यास आहे आणि त्यावर भारतात वकिलीची सनद मिळत नाही. एफबीआयसारख्या केंद्रीय तपास यंत्रणांत नोकरीसाठी अमेरिकी नागरिकत्वाची अट असते, तेव्हा त्या आशेवर बाबांना आंब्याची बाग गहाण टाकू देऊ नकोस. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पदवीनंतर साधारण १२ महिने विषयाशी संबंधित काम करता येते. विज्ञान-तंत्रज्ञान शाखांना मिळणारी २४ महिन्यांची वाढ या विषयाला सहसा लागू होत नाही. माझ्या मते गुन्ह्यांच्या आकडेवारीचे विश्लेषण आणि संशोधन या वाटा अधिक भरवशाच्या आहेत.

जाण्यापूर्वी मात्र जिल्हा न्यायालयात चार दिवस जाऊन बस. अटकेनंतर, प्रवासाचा वेळ वगळून, २४ तासांच्या आत आरोपीला दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करतात. पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का, असे त्याला विचारले जाते आणि कोठडी कशासाठी हवी हे तपास अधिकाऱ्याला सांगावे लागते. हे डोळ्यांनी पाहिलेले असले, की तिकडे १९६६ चा मिरांडा खटला (कोठडीतील चौकशीआधी आरोपीला गप्प राहण्याचा आणि वकिलाचा हक्क सांगायलाच हवा, असा निकाल देणारा) शिकवतील तेव्हा आपल्या राज्यघटनेचे अटक झालेल्यांचे हक्क सांगणारे कलम २२ शेजारी ठेवून तो तुला नीट समजेल. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची, म्हणजे अटक, तपास आणि खटल्याची कार्यपद्धती ठरवणाऱ्या कायद्याची, प्रतही सामानात असू दे.